सोमवार, पहिला नंबर

लिंबय्या गाजूल, वय एकोणसत्तर.
छातीत धातूची झडप,
खालची डावी दाढ हलतेय.

पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले,
"रक्त पातळ करायची गोळी तीन दिवस बंद केलोय, डॉक्टर.
शेजारचा कोंडा म्हणाला, नाहीतर थांबत नाही."
शाबासकीसाठी थांबले.
मी आरसा ट्रेमध्ये ठेवला.
पंखा फिरत होता, आणि त्याच्या खाली
त्यांच्या सदऱ्यातून येणारा दुसरा आवाज,
मनगटी घड्याळ उशीखाली ठेवल्यासारखा.

दाढेचं रक्त मला दिसतं.
बोटानं दाबता येतं.
झडपेवर धरलेली गुठळी कुणाला दिसते?
एखाद्या पहाटे ती सुटते,
माणूस कप उचलायला जातो
आणि हात येत नाही.
हे मी त्यांना असं सांगितलं नाही.
म्हटलं, तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना आत्ता फोन लावते.
गोळी आपल्या मनानं पुन्हा बंद करायची नाही.
दाढ पुढच्याच्या पुढच्या सोमवारी, सकाळी.
"सोमवारच का?"
रक्त वाहिलंच तर पुढे अख्खा आठवडा आहे, म्हणून.
शनिवारी रात्री दवाखान्याला कुलूप असतं.

आज रक्ताचा आकडा आला : दोन पॉइंट आठ.
कागद मी दोनदा वाचते.
तासापूर्वीची जंतूंची गोळी घेतली का? घेतली.
गळ्याशी त्यांनी स्वतःचाच टॉवेल लावलाय, पांढरा,
"माझ्या मागावरचा. शेवटच्या पाळीचा."

दाढ निघते. ती नेहमीच निघते.
खरं काम नंतर.
खड्ड्यात विरघळणारा स्पंज, वर दोन टाके.
गाठ मारताना बघते तर
ते दिव्याच्या काचेत माझी बोटं बघतायत.
तोंडात बोळा, बोलता येत नाही,
म्हणून हात वर करून हवेत
अंगठा आणि तर्जनी अशी फिरवतात
की नसलेला धागा मला दिसतो :
चाळीस वर्षं तुटलेलं सूत असं जोडलं,
माग खोळंबू न देता.
माझी गाठ त्यांना ढिली वाटतेय.
एक फेरा आणखी घेते.

बोळा औषधात भिजवलेला. चावून धरा. अर्धा तास.
या अर्ध्या तासाला मी कुठलंही काम लावत नाही.
बाहेर अशोक चौकातलं ऊन शटरवर टेकलंय.
इथे गाठ धरावी म्हणून मी बसलेय,
वीतभर खाली धरू नये म्हणून ती गोळी,
आणि रक्त तर एकच,
त्याला कोणी सांगायचं, कुठे काय?

बायको, नागमणी, बोटांना तंबाखूचा वास, दारात उभी.
आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही.
कडक भाकरी आठ दिवस बंद, शेंगाचटणी बंद.
दुखलं तर मी दिलेलीच गोळी, दुकानातली नको.
चहा गार करून.
"गार?" ती हसते. "एप्रिलात इथं नळाचं पाणी गार नाही."

बोळा काढते.
खड्ड्यात गडद गुठळी, पिकल्या जांभळाएवढी काळी,
हलत नाही.
टॉवेलवर एकच ठिपका.
तो आत जाईल अशी घडी घालून
ते टॉवेल पिशवीत टाकतात.

रात्री नऊ वाजता फोन.
"थुंकीत लाल आहे."
किती?
"पाण्यात कुंकू पडल्यागत."
पिशवीतला दुसरा बोळा चावा. बसून राहा. घड्याळ बघा.
मी पण बघते.
भाजी गॅसवर तशीच, नवरा काही विचारत नाही.

नऊ पस्तीस.
"थांबलं."
मग बराच वेळ काही नाही,
नुसतं ते बारीक टिक टिक, की माझ्याच भिंतीवरचं असेल.
"डॉक्टर, रात्रीची ती गोळी… घेऊ का?"

घ्या, मी म्हणते.
फोन चालूच आहे.
तांब्या ठेवल्याचा आवाज येतो.